नौकेंतून हुगळी : कोलकाता ते मुर्शिदाबाद

कोलकात्याहून मुर्शिदाबादेस रेल्वेनें जावयाचें तर चार-पांच तास पुरतात. तोच प्रवास नदीनें करावयाचा म्हटला म्हणजे जवळजवळ आठवडा लागतो. आणि तरीहि पावसाळा सरल्यावर कांहीं मंडळी मुद्दाम नौकेचाच मार्ग पत्करतात. घाई असणाऱ्यानें या वाटेस जाऊं नये, हें खरें. परंतु हुगळीच्या कांठचीं जुनीं गांवें नदीकडे तोंड करून वसलेलीं आहेत. स्टेशनावरून त्यांत शिरणें म्हणजे घरांत परसदारानें जाण्यासारखें आहे; घाटावर उतरलें म्हणजेच दर्शनी दार लागतें.

हुगळी हा गंगेचाच एक फांटा. मुर्शिदाबाद जिल्ह्यांत तो दक्षिणेस वळतो. वरच्या भागांत त्यास भागीरथी म्हणतात, खालच्या भागांत हुगळी. गंगेचा मुख्य ओघ कांहीं शतकांपूर्वीं पूर्वेकडे पद्मेंत वळला. त्यामुळें हा फांटा उन्हाळ्यांत रोडावूं लागला आणि कोलकात्याचें बंदर गाळानें भरत चाललें. १९७५ सालीं फरक्क्याचा बंधारा सुरू झाला तो यासाठींच. तेथून सुमारें ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्यानें गंगेचें पाणी भागीरथींत सोडलें जातें. नवद्वीपापर्यंत समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम जाणवतो, आणि त्यापुढें वाळूचे उथळ पट्टे वाट अडवितात. म्हणून नौका दिवसा चालते व रात्रीं नांगर टाकून उभी राहते.

पहिला मुक्काम बहुधा श्रीरामपुरास पडतो. हें गांव १७५५ पासून १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यांत होतें. कंपनी सरकार आपल्या हद्दींत पाद्र्यांना थारा देईना, तेव्हां विल्यम कॅरे येथें येऊन राहिला व १८०० सालीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं येथें छापखाना घातला. मराठी माणसानें या घाटावर थोडें अधिक थांबावें. कॅरेचें मराठी व्याकरण १८०५ सालीं याच गांवीं छापलें गेलें, आणि १८१० सालीं त्याचा मराठी कोश निघाला. त्यांतील मराठी शब्द मोडी ठशांत आहेत. या कामीं वैजनाथ शास्त्री यांचें त्यास मोठें साहाय्य होतें. पुण्या-मुंबईस मराठी ग्रंथांची छपाई रुजण्यापूर्वीं आपल्या भाषेचे ठसे बंगालच्या नदीकांठीं पाडले जात होते, ही गोष्ट शाळेंतील पुस्तकांत दोन ओळींच्या पलीकडे सहसा जात नाहीं.

पुढें चंद्रनगर फ्रेंचांचें, चुंचुडा डचांचें आणि बंडेल-हुगळी पोर्तुगीजांची. सरस्वती नदी गाळानें बुजून सप्तग्रामचें जुनें बंदर मोडलें, तेव्हां सारा व्यापार या कांठास सरकला आणि जो तो आपली वखार येथेंच घालूं लागला. चंद्रनगरचा नदीकांठचा रस्ता सर्वांत देखणा. तें गांव फ्रेंचांच्या हातून भारताकडे आलें तें १९५० सालीं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. हुगळीचा इमामबाडा मात्र परदेशी नव्हे. हाजी मुहम्मद मोहसीन यांच्या दानांतून तो उभा राहिला. येथून वर काळना येथें वर्धमानच्या राजानें १८०९ सालीं बांधलेलीं १०८ शिवमंदिरें दोन वर्तुळांत उभीं आहेत: बाहेर ७४, आंत ३४. बाहेरच्या वर्तुळांत एक लिंग काळें, एक पांढरें. आंत सगळीं पांढरीं. नवद्वीप ही चैतन्य महाप्रभूंची जन्मभूमि. नव्यन्यायाच्या पाठशाळांमुळेंहि तिचें नांव होतें.

काटव्यास नौका पोंचली म्हणजे प्रवासाचा रंग पालटतो. अजय नदी येथें भागीरथीस मिळते. १७४२ च्या पावसाळ्यांत नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांची छावणी येथेंच होती. चौथाईसाठीं आलेल्या या फौजेनें पश्चिम तीरावरील गांवें लुटलीं, जाळलीं. लोक जीव घेऊन नदीपार पळाले. कोलकात्याच्या रहिवाशांनीं या भयानें शहराभोवतीं खंदक खणण्यास घेतला, तो मराठा खंदक म्हणूनच ओळखला गेला. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा साधा शिपाई, शिलेदाराहून हलका. बंगालींत त्याच शब्दाचा ‘बर्गी’ झाला आणि मुलास निजवितांना भय घालण्यासाठीं अंगाईगीतांत जाऊन बसला. जवळच दाईंहाट येथें भास्करपंतांनीं दुर्गापूजा मांडली होती; ती पुरी होण्याआधींच नवाब अलीवर्दीखानाचा छापा आला. दोन वर्षांनीं, १७४४ च्या मार्चांत, मानकरा येथें तहाच्या बोलण्यास बोलावून नवाबानें भास्करपंत व त्यांच्या सरदारांस कापून काढलें. १७५१ सालीं तह होऊन बारा लाखांची वार्षिक चौथाई ठरली व ओरिसा मराठ्यांच्या हातीं आला. आपल्या बखरींत दगाबाजीचा प्रसंग ठळक आहे, बंगाली स्मृतींत जळालेलीं गांवें ठळक आहेत. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, आणि नौकेवरील बंगाली वाटाड्या दुसरी सांगूं लागला तर ती ऐकून घेतली पाहिजे.

पलाशीची रणभूमि तशी निराशाच करते. २३ जून १७५७ रोजीं जेथें लढाई झाली, त्या जागेचा कांहीं भाग नदीनें पात्र बदलून गिळला. उरला आहे तो एक स्मारकस्तंभ आणि शेतें.

मुर्शिदाबादेस सारी गर्दी हजारदुआरीकडे वळते. १८३७ सालीं पुरा झालेला हा नवाबाचा वाडा हजार दारांचा म्हणतात, पण त्यांतील शंभर दारें केवळ देखाव्याचीं आहेत. नाझीमांची सत्ता तेव्हां नांवापुरतीच उरली होती, हें ध्यानीं घेतां तीं दारें फार शोभतात. त्यापेक्षां समोरच्या पश्चिम तीरावर होडीनें जाऊन खुशबाग पाहावी. झाडांच्या सावलींत, एका साध्या चौसोपी इमारतींत अलीवर्दीखान आणि त्याचा नातू सिराजुद्दौला यांच्या कबरी आहेत. मराठ्यांशीं जवळजवळ दहा वर्षें झुंजलेला आजोबा आणि वर्षभरांत राज्य गमावलेला नातू तेथें जवळजवळ निजले आहेत. होडी परत फिरेपर्यंत तेथें क्वचितच दुसरा कोणी येतो.