कंपनीला बेड्या कुठे घालणार?

बीएस्सी केमिस्ट्री झाली की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली बरीच पोरं-पोरी नोकरीसाठी लोटे परशुराम एमआयडीसी गाठतात. समजा, तुम्हीही तिथे लागलात. नाइट शिफ्ट आहे, बाहेर पाऊस कोसळतोय आणि साहेबांचा फोन येतो, ‘सांडपाणी तसंच सोडून दे, पावसात कोणाला कळतंय!’ सकाळी खाडीत मासे मरून तरंगतात. आता सांगा, गुन्हेगार कोण? तुम्ही, साहेब की कंपनी?

तिघंही असू शकतात.

कंपनीला ना हात ना पाय, तिला जेलात कसं टाकणार? हा युक्तिवाद कोर्टात खूप वर्षं चालला. २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो ३ विरुद्ध २ मतांनी निकालात काढला. कैद शक्य नसेल तर दंड करा, पण खटला चालणारच!

पण फसवणुकीला हेतू लागतो आणि कंपनीला मन कुठे असतं? इरिडियम इंडियाने पुण्याच्या कोर्टात मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची तक्रार केली होती. मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. कारभार ज्यांच्या हातात, त्यांचं मन तेच कंपनीचं मन.

उलटं मात्र आपोआप होत नाही. कंपनी आरोपी म्हणून संचालकही आरोपी, असं नसतं, हे २०१५ च्या सुनील भारती मित्तल प्रकरणात स्पष्ट झालं. त्यांचा सहभाग दिसावा लागतो, नाहीतर कायद्यातच तशी तरतूद लागते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात ती आहे. कलम ४७ नुसार कारभार पाहणारा माणूसही दोषी धरला जातो. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेपूर काळजी घेतली होती’, हे त्यानेच सिद्ध करायचं.

शिक्षेचं म्हणाल तर भोपाळ आठवा. १९८४ च्या वायुकांडाचा निकाल २०१० मध्ये लागला. युनियन कार्बाइड इंडियाला दंड झाला ५ लाख रुपये. हजारो जीव गेले होते.

म्हणून, रात्री तसा फोन आला तर तीन गोष्टी करा. आदेश लेखी मागा. लॉगबुकात खरं तेच लिहा. आणि व्हॉल्व्हला हात लावू नका. ‘साहेबांनी सांगितलं होतं’ एवढ्यावर कोर्टात सुटका होत नाही. कंपनीला बेड्या घालता येत नाहीत. तुमच्या हातांना येतात.