तळ बसवताना

केरीला तेरेखोल नदीच्या मुखाशी, माडांखालच्या मांडवात आमची 12 फुटी होडी पालथी घातली होती. पलीकडे किल्ला. बगला लागल्या होत्या, तळ उरला होता.

मरीन प्लाय 8 फुटी मिळतं, म्हणून दोन तुकडे उतार देऊन सांधले. 9 मिलिमीटर जाडीला आठपट, म्हणजे 72 मिलिमीटर लांब उतार. रंधा मारताना प्लायचे थर पट्ट्या होऊन उघडे पडतात. पट्ट्या सरळ दिसल्या की उतार बरोबर; वेगळी मोजपट्टी लागत नाही.

खरं काम पुढे होतं. बगलेच्या आतल्या पट्टीवर तळ टेकतो आणि त्या पट्टीचा कल नाळेपासून मागपर्यंत हातागणिक बदलतो. होडी बांधणाऱ्या सुतार मेस्तांनी पट्टीला निळा खडू चोळला, प्लाय ठेवून दाबलं, उचललं. प्लायला जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तिथेच रंध्याचा हलका हात. पुन्हा खडू, पुन्हा प्लाय. यात दीड दिवस गेला. मी उतावीळ झालो की ते म्हणायचे, "सवकास, पुता."

नाळेजवळ मी ऐकलं नाही. प्लाय एका दिशेने वाकतं, पिळलेलं त्याला सोसत नाही. मी शिकंजा एकदम आवळला आणि वरचा थर कट्‌कन तडकला. मेस्त रागावले नाहीत. गोणपाट गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओतलं, दोरी बांधली आणि दर तासाला थोडी थोडी पिळली. मग दोन दिवस वाळू दिलं.

याच किनाऱ्यावर पूर्वी फळ्या काथ्याने शिवत. 21 मे 2025 रोजी नौदलात आलेलं 'कौंडिण्य' जहाज गोव्यात तसंच शिवून बांधलं. शिवण लाटेबरोबर थोडी हलते. आमचा तळ मात्र चिकटवलेला, त्यात हलायला जागाच नाही. म्हणून फट राहून चालत नाही.

दव सुकल्यावर इपॉक्सी कालवलं. भांड्यात साठवून ठेवलं तर ते स्वतःच तापून घट्ट होतं, म्हणून पसरट ताटात घेतलं. लाकडाची पूड घालून श्रीखंडासारखं झालं की पट्टीवर थापलं, कापलेल्या कडांना पातळ इपॉक्सी पाजलं. स्टेनलेसचे स्क्रू मधून टोकांकडे, 4-4 इंचांवर. कडेने सलग ओघळ बाहेर आला की आत पोकळी नाही असं समजायचं.

दुसऱ्या सकाळी मेस्त बोटाच्या पेराने तळ वाजवत गेले. टक्, टक्, टक्. नाळेपाशी आवाज बद्द आला. त्यांनी तिथे पेन्सिलीने गोल काढला आणि माझ्याकडे बारीक ड्रिल मागितलं.