फळा एक, नांवें तीन

संगणकास लिहून दिलेल्या आज्ञावलींत तेंच काम पुनःपुन्हां करावयास सांगणारा जो भाग असतो, त्यास लूप म्हणतात. आणि प्रत्येक फेरींत ज्याचें मूल्य बदलतें, तें त्या लूपचें चल. या चलानें भल्याभल्यांस कसें चकविलें, तें आम्ही येथें सांगणार आहों.

अशी कल्पना करूं, कीं गुरुजींना अंबाजोगाईंत तीन ठिकाणीं निरोप धाडावयाचे आहेत. त्यांनीं फळ्यावर 'योगेश्वरी मंदिर' लिहिलें व एका मुलास सांगितलें, "घंटा झाली म्हणजे फळा पाहा आणि तेथें जा." मग तें पुसून 'खोलेश्वर' लिहिलें व दुसऱ्यास तीच आज्ञा केली, तेंही पुसून 'मुकुंदराजांची समाधि' लिहिलें व तिसऱ्यास तेंच सांगितलें. घंटा झाली. तिघांनीं फळा पाहिला, आणि तिघेही समाधीकडे चालूं लागले! बिचाऱ्या मुलांचा यांत दोष नाहीं. त्यांनीं आज्ञा अक्षरशः पाळली.

मागाहून करावयाचें काम, त्यास लागणाऱ्या चलांसह बांधून ठेवलें, म्हणजे त्यास क्लोजर म्हणतात. आम्ही ज्या भाषांविषयीं लिहीत आहों, त्यांत क्लोजर फळा लक्षांत ठेवतें, फळ्यावरील अक्षरें नव्हे. उपाय उघड आहे: प्रत्येक मुलास निराळी पाटी द्यावी.

सी-शार्प भाषेच्या पांचव्या आवृत्तींत, २०१२ सालीं, 'फॉरईच' लूपला अशी पाटी मिळाली. साध्या 'फॉर'ला मात्र नाहीं. जावास्क्रिप्टनें २०१५ सालीं जुना 'व्हार' शब्द तसाच ठेवून 'लेट' हा नवा शब्द आणला.

गो भाषेची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था संकेतस्थळांस विनामूल्य प्रमाणपत्रें देते. एका अर्जांत अनेक नांवें असूं शकतात, व प्रमाणपत्र देण्यास त्या त्या नांवाच्या धन्याची मनाई नाहीं ना, हें कांहीं वेळां पुन्हां तपासावें लागतें. २०२० सालीं उघडकीस आलें, कीं दहा नांवें तपासावयाचीं असलीं, तर त्यांची आज्ञावली एकच नांव दहा वेळां तपासत होती! तेथें क्लोजर नव्हतें, लूपच्या चलाचा पत्ता घेतलेला होता. पण फळा तोच. तीस लाखांहून अधिक प्रमाणपत्रें सदोष ठरलीं, आणि त्यांतील पुष्कळ रद्द करावीं लागलीं.

फेब्रुवारी २०२४ मध्यें गोच्या १.२२ आवृत्तीनें प्रत्येक फेरीस नवें चल दिलें. तोंवर जाणते लोक लूपमध्यें 'क्ष म्हणजे क्ष' अशी, दिसावयास निरर्थक, ओळ लिहून स्वतःच पाटी करून घेत. परंतु अर्थ बदलला, तर जुन्या आज्ञावलींचें काय? प्रकल्पासोबतच्या फाइलींत भाषेची आवृत्ति लिहिलेली असते, ती १.२२ किंवा पुढची असेल, तरच नवा अर्थ लागूं होतो. ही तोड आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

ज्यांच्या घरीं संगणक आहे, त्यांनीं पालकांसमक्ष जावास्क्रिप्टमध्यें हा प्रयोग करून पाहावा. शून्यापासून, चल तीनाहून लहान आहे तोंवर, लूप चालवावें. आणि प्रत्येक फेरींत, 'एका सेकंदानें चल छापावें', अशी आज्ञा द्यावी. चल तीन होतांच लूप थांबतें, छपाई मात्र त्यानंतर होते. म्हणून 'व्हार' लिहिल्यास ३, ३, ३ असें उमटेल. 'लेट' लिहिल्यास ०, १, २.