निर्जळ मुलखातील चाकांवरचे घर

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर पसरलेले नलार्बरचे मैदान नकाशावर पाहणाऱ्यास ओसाड आणि रिकामे वाटते. परंतु ज्याने मोटारहोममध्ये, म्हणजे चूल, शय्या आणि पाण्याची टाकी बरोबर घेऊन चालणाऱ्या गाडीत, तेथे काही मुक्काम केले असतील, त्यास हे मैदान रिकामे नसून केवळ निर्जळ आहे, आणि तेथील रस्ता, तारकचेरी व माणूस या सर्वांचे भवितव्य पाण्यानेच ठरविले आहे, हे पुरते उमजते.

या निर्जळपणाचे मूळ भूमीच्या घडणीत आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात खोदलेली किल्ल्यांवरील टाकी वैशाखातही पाणी धरून राहतात. नलार्बरची चुनखडी मात्र प्राचीन समुद्राच्या तळाशी साचून घडलेली, भेगांनी व विवरांनी पोखरलेली असल्यामुळे पडेल तो पाऊस पोटात घेते, आणि इतक्या मोठ्या विस्तारात एकही नदी बारमाही वाहत नाही. १९१७ साली पुऱ्या झालेल्या लोहमार्गाला येथे ४७८ किलोमीटरपर्यंत वळण घ्यावे लागले नाही, ते यामुळेच: वळसा घालावा अशी टेकडी नाही, की पूल बांधावा असा प्रवाह नाही. दक्षिणेस बंडा कड्यांपाशी हे मैदान एकाएकी तुटते आणि ६० ते १२० मीटर खाली समुद्र आदळत असतो. हिवाळ्यात हेड ऑफ बाइट येथील कड्यावर उभे राहिले, तर पिलांसह विसावलेले प्रचंड देवमासे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खाली एवढे जल, आणि वर ओंजळभर पाण्याची भ्रांत.

म्हणून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी सेडूना या अखेरच्या मोठ्या गावी टाकी काठोकाठ भरून घेतो. तेथून नॉर्समनपर्यंतची मजल सुमारे १,२०० किलोमीटरांची. वाटेत दीडशे-दोनशे किलोमीटरांवर एखादे रोडहाउस लागते, पण तेथे इंधन मिळाले तरी गाडीची टाकी भरण्याइतके पाणी मिळेलच असे नाही, कारण कित्येक ठिकाणी कूपनलिकेचे खारे पाणी यंत्राने गोडे करून काटकसरीने वापरावे लागते. अशा वेळी पाण्याचा जमाखर्च घरधन्याच्या अंगवळणी पडतो: ताट आधी कागदाने पुसायचे, मग ओल्या फडक्याने, आणि अखेरीस वाटीभर पाण्याने विसळायचे, ते पाणीही भुईवर न ओतता सांडपाण्याच्या टाकीत साठवायचे. शिधासामग्रीचीही आगाऊ तजवीज हवी, कारण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरहद्दीवरील चौकीत फळे, कच्च्या भाज्या आणि मध जप्त होतात. शेतीला कीड व रोग लागू नयेत म्हणून हा बंदोबस्त असून तो मला सर्वथा रास्त वाटतो. शहाणा प्रवासी आदल्या मुक्कामीच कांदे-बटाट्यांची भाजी शिजवून ठेवतो. सूर्यास्तानंतर मात्र गाडी हाकू नये, कारण तीच कांगारूंची चरण्याची वेळ असते.

ज्याच्या नावाने ही वाट आयर महामार्ग म्हणून ओळखली जाते, त्या एडवर्ड जॉन आयरने १८४१ मध्ये हा मुलूख ओलांडला, त्याची हकीकत वाचल्यावाचून येथे येऊ नये. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांमागे खणले असता गोडे पाणी लागते, हे त्याला तेथील आदिवासींनी दाखविले. जेथे टेकड्या नव्हत्या, तेथे त्याने झाडांच्या मुळ्या खणून आणि पहाटेचे दव स्पंजाने टिपून तहान भागविली. २९ एप्रिलच्या रात्री बरोबरच्या दोघा तरुणांनी त्याचा सहकारी जॉन बॅक्स्टर यास ठार मारून रसद व बंदुका पळविल्या. खडक इतका अखंड होता की कबर खणता येईना, तेव्हा प्रेत कांबळ्यात गुंडाळून तसेच ठेवावे लागले. उरला एकटा वायली हा आदिवासी तरुण. दोघे पुढे चालत राहिले, जूनमध्ये किनाऱ्याशी नांगरलेल्या एका फ्रेंच देवमासेमारी जहाजाने त्यांना आश्रय दिला, आणि जुलैत ते ऑल्बनीस पोहोचले. या पराक्रमात वायलीचा वाटा आयरहून उणा नव्हता, असे माझे मत आहे.

सरहद्दीलगतच्या युक्ला येथे १८७७ मध्ये तारकचेरी उघडली आणि दोन वसाहतींचे तारमास्तर एकमेकांकडे संदेश सोपवू लागले. पुढे १८९० च्या सुमारास आलेल्या सशांच्या झुंडींनी टेकड्यांवरील वनस्पती फस्त केल्या, वाळू मोकळी सुटली, आणि आज त्या दगडी इमारतीच्या भिंती वाळूत रुतल्या आहेत. त्याहून पश्चिमेस मडुरा लागते. १८७६ मध्ये तेथे वस्ती झाली, ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या घोडदळासाठी घोडे पैदा करण्याकरिता. आपल्याकडच्या पलटणींच्या पागांशी या ओसाड पठाराचा असा संबंध असेल, हे मनातही आले नव्हते.

कायगुना व बॅलाडोनिया यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटर सरळ धावणारी सडक ओलांडली, की हळूहळू निलगिरीची वने सुरू होतात आणि नॉर्समन येते. तेथील नळाचे पाणी पर्थजवळच्या मंडेरिंग धरणातून येते. सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याच्या योजनेने १९०३ मध्ये ते पाचशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळातून सुवर्णक्षेत्रांपर्यंत चढविले गेले आणि पुढे तिचीच एक शाखा नॉर्समनपर्यंत आली. ओकॉनर मात्र टीकेच्या भडिमारात आदल्या वर्षीच प्राणास मुकला होता. उलट दिशेने, पूर्वेकडे निघणाऱ्याने आपली टाकी येथेच भरून घ्यावी, आणि फळे-भाज्यांची चौकी त्याला सेडूनात लागेल, हे ध्यानी ठेवावे.