महाराष्ट्र फिल्म कंपनी : चित्रपट हरवले, हात उरले

चित्रपट कंपनीचा इतिहास लिहायचा म्हटला की आपण प्रथम तिच्या चित्रपटांची यादी मांडतो. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबतीत ही रीत अपुरी पडते. तिचे बहुतेक मूकपट आज पाहायलाच मिळत नाहीत. १९२५चा गाजलेला ‘सावकारी पाश’सुद्धा नाही. मग या कंपनीचे मोल ठरवायचे कशावरून? मला वाटते, तिथे कोण काय शिकले आणि ती विद्या पुढे कुठे गेली, यावरून.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांना सिनेमाचा ध्यास लागला आणि कॅमेरा स्वतःच बनवायचे त्यांनी ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून तो कॅमेरा पुरा केला. कंपनीच्या भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर यांनी मदत केली. १९२० साली ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. पुरुषच स्त्रीभूमिका करत होते त्या काळात या कंपनीने गुलाबबाई आणि अनुसूयाबाई यांना पडद्यावर आणले.

या कंपनीत कामांच्या भिंती नव्हत्या. स्वतः बाबूराव दिग्दर्शन करत, वेशभूषेची रेखाटने काढत, जाहिरातीची भित्तिचित्रेही रंगवत. दामले, फत्तेलाल ही मंडळी कॅमेरा आणि कलायोजना या दोन्हींत तयार झाली. १९२० साली आलेले शांताराम पडेल ते काम करत शिकले आणि ‘सावकारी पाश’मध्ये शेतकऱ्याच्या भूमिकेत उभे राहिले. चित्रपटाची शाळा देशात कुठेच नव्हती. जी होती ती अशी, कारखान्याच्या छपराखाली.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांचे भांडवल मिळाले आणि कोल्हापुरातच ‘प्रभात’ उभी राहिली. मूळ कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. १९३३मध्ये प्रभातही पुण्याला गेली. पुढे १९३६च्या ‘संत तुकाराम’चे श्रेय आपण पुण्याच्या प्रभातला देतो, ते योग्यच आहे, पण तो चित्रपट दिग्दर्शित करणारे दामले आणि फत्तेलाल घडले होते बाबूरावांच्या हाताखाली. आज त्याच प्रभातच्या आवारात पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

प्रभात गेली म्हणून कोल्हापूर ओस पडले नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या पाठिंब्याने कोल्हापूर सिनेटोन सुरू झाली, पाठोपाठ शालिनी सिनेटोन आली. तिथेच १९३६ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, बोलता करून काढला. भालजी पेंढारकरांनी तर पुढची कित्येक दशके या गावातला स्टुडिओ जागता ठेवला. नवी कंपनी काढणाऱ्याला पडदा रंगवणारा, देखावा उभारणारा, कॅमेरा हाताळणारा माणूस इथे मिळत होता, म्हणून हे घडू शकले.

यातल्या मोजक्याच माणसांची नावे श्रेयनामावलीत आली. सुतार, रंगारी, शिंपी बाहेरच राहिले. त्यांचा पत्ता लागलाच तर जुने फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, हिशेबाच्या वह्या यांतूनच लागेल. दिवाळीच्या साफसफाईत कोल्हापुरातल्या एखाद्या घरच्या माळ्यावर असे बाड सापडले, तर ते रद्दीत जाऊ नये. हरवलेल्या चित्रपटांच्या मागे हाच पुरावा उरला आहे.