दोन विषाणू, एक कोंबडी

राणीखेतची लस वेळेवर देऊनही कधी कधी कोंबड्या त्या रोगाने मरतात. लस खराब होती का? दर वेळी तसे नसते.

कोंबडीच्या शेपटीखाली आत ‘फॅब्रिशियसची पिशवी’ (बर्सा) असते. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तिच्यात तयार होतात, हे १९५६ साली अमेरिकेत ग्लिक व चँग यांच्या प्रयोगांतून लक्षात आले. (आपल्या रक्तातील ‘बी’ पेशींचे नाव या बर्सावरूनच पडले, आपल्याला मात्र ही पिशवी नाही!)

१९६२ साली कॉसग्रोव्ह यांनी वर्णिलेल्या गंबोरो रोगाचा विषाणू नेमका याच पेशींवर घाला घालतो. तीन आठवड्यांच्या आतले पिलू बहुधा आजारी दिसतही नाही. पिशवी मात्र झडते.

आता दुसरा विषाणू पाहा. १९७९ साली जपानमध्ये सापडलेला रक्तक्षयाचा विषाणू अस्थिमज्जा व थायमस ग्रंथी पोखरतो. दोन आठवड्यांपुढची पिले त्याला सहसा दाद देत नाहीत, कारण तोवर ती स्वतःची प्रतिपिंडे बनवू लागतात. पण पिशवीच झडली असेल तर? मग मोठी पिलेही रक्तक्षयाने आजारी पडतात. अशा कोंबडीला राणीखेतची लस देणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी शाळेची घंटा वाजवणे!

म्हणून गंबोरोची लस अंडी घालणाऱ्या मादीलाही देतात. तिची प्रतिपिंडे बलकातून पिलात उतरतात आणि पहिले काही आठवडे पिशवी सांभाळतात.