व्हेक्टर कॅल्क्युलस सोप्या भाषेत: ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल म्हणजे नक्की काय?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात एम-३ शिकलेल्या कुणालाही ग्रेडियंटचं सूत्र विचारा, लगेच सांगेल. पण "हे वापरतात कुठे?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कामात ग्रेडियंट हा शब्द रोज ऐकतो. तरीही कुणाला समजावून सांगायचं तर मी कॉम्प्युटरचं नाही, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाण्याचं उदाहरण देतो. इथे पाऊस कमी, त्यामुळे पाणी कुठे जातं हे कळणं फार महत्त्वाचं आहे.

आधी 'फील्ड' समजून घेऊ

अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, महाराष्ट्रात सर्वात उंच. नकाशावरच्या प्रत्येक ठिकाणाला असा उंचीचा एक आकडा देता येतो. याला म्हणायचं स्केलर फील्ड, म्हणजे अदिश क्षेत्र.

प्रवरा नदीचं पाणी किती वेगाने वाहतंय हे सांगताना मात्र दिशाही सांगावी लागते. प्रत्येक ठिकाणी एक बाण काढावा लागतो. हे झालं व्हेक्टर फील्ड, म्हणजे सदिश क्षेत्र. या दोन्हींत जागेनुसार होणारा बदल मोजणं म्हणजेच व्हेक्टर कॅल्क्युलस.

१. ग्रेडियंट: सर्वात जास्त चढ कुठे?

समजा, एका माळावर पूर्वेला १०० मीटर चाललं की ३ मीटर उतार लागतो आणि उत्तरेला १०० मीटर चाललं की ४ मीटर. मग सर्वात जास्त उतार कुठे? पूर्वेला ६० आणि उत्तरेला ८० मीटर जा. सरळ अंतर १०० मीटरच होतं, पण उतार १.८ + ३.२ = ५ मीटर! पाणी याच दिशेने धावणार. ग्रेडियंटचा बाण याच्या बरोबर उलटा, सर्वात जास्त चढाकडे असतो.

आता पूर्वेला ८० आणि दक्षिणेला ६० मीटर जा. पूर्वेला २.४ मीटर खाली, दक्षिणेला २.४ मीटर वर. एकूण बदल शून्य. ही झाली समोच्च रेषा, म्हणजे कंटूर. ती ग्रेडियंटशी नेहमी ९० अंशांचा कोन करते.

हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या डोंगरउतारांवर खोदलेले सलग समतल चर याच नियमावर चालतात. चर कंटूरवर असेल तर पाणी त्यात थांबतं आणि हळूहळू मुरतं. चराला थोडा जरी उतार राहिला, तर सगळं पाणी एका टोकाला जमतं, तिथून फुटतं आणि मातीही घेऊन जातं. म्हणून खोदण्याआधी ए-फ्रेमने किंवा गवंडी वापरतात तशा पाण्याच्या नळीने लेव्हल घेतात. गणिताच्या भाषेत, ग्रेडियंटशी काटकोन शोधतात.

२. डायव्हर्जन्स: आत किती, बाहेर किती?

जागेचा एक छोटासा चौकोन घ्या. त्यातून बाहेर जाणाऱ्या प्रवाहातून आत येणारा वजा करा. उत्तर धन आलं तर तिथे झरा आहे, ऋण आलं तर तिथे प्रवाह संपतोय, शून्य आलं तर जेवढं आलं तेवढं गेलं.

बोअरवेल हे याचं चांगलं उदाहरण. पंप चालू केला की बोअरजवळची भूजलपातळी खाली जाते. हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार जमिनीतलं पाणी पातळीच्या ग्रेडियंटच्या उलट दिशेने, म्हणजे जास्त पातळीकडून कमी पातळीकडे सरकतं. म्हणून आजूबाजूचं पाणी बोअरकडे ओढलं जातं आणि शेजारच्या विहिरीचं पाणी कमी होतं. तिथे डायव्हर्जन्स ऋण! शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, या हिवरे बाजारच्या नियमामागचं गणित हेच.

असे सगळे छोटे चौकोन एकत्र जोडले तर? एका चौकोनातून निघालेलं पाणी शेजारच्यात जातं, त्यामुळे आतले हिशेब एकमेकांत कटतात. उरते फक्त बाहेरची सीमा. हाच गाऊसचा डायव्हर्जन्स प्रमेय. म्हणून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडता येतो: पाऊस आला किती, ओढ्यातून, बाष्पीभवनातून आणि उपशातून गेला किती, मागे राहिला किती. एका हेक्टरवर ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे तब्बल ४० लाख लिटर पाणी. हिवरे बाजार दरवर्षी असा ताळेबंद मांडतं आणि त्यानुसार कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं.

३. कर्ल: प्रवाह फिरवतोय का?

नदीच्या मधोमध पाणी जोरात वाहतं, काठाला हळू. काठाजवळ पाण्यात एक छोटी चक्री सोडली असं समजा. एका बाजूला जास्त धक्का, दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे ती वाहता वाहता गोल फिरेल. तिथे भोवरा नाही, पाणी सरळच चाललंय, तरी कर्ल शून्य नाही. प्रवाह गोल दिसतो की नाही यापेक्षा त्यातली वस्तू फिरते की नाही, हे महत्त्वाचं.

१९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणावर वीजनिर्मितीही होते. जनरेटरमध्ये चुंबकीय क्षेत्र बदलतं, त्यातून कर्ल असलेलं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि तारेतून करंट वाहतो. हा फॅरेडेचा नियम. वायरलेस चार्जरवर ठेवलेला तुमचा फोनही याच नियमाने चार्ज होतो.

मग फोनमध्ये ग्रेडियंट कुठे?

एआय मॉडेलला शिकवताना त्याच्या चुकांचा एक डोंगर आहे असं समजतात. कॉम्प्युटर ग्रेडियंट काढतो आणि त्याच्या उलट दिशेने, म्हणजे उताराकडे, एकेक छोटं पाऊल टाकतो. याला ग्रेडियंट डिसेंट म्हणतात. डोंगरावरून पाणी उतरतं, अगदी तसंच.

आता तुम्ही करून बघा

गूगल मॅप्समध्ये लेयर्सवर जाऊन टेरेन निवडा आणि कळसूबाईजवळ झूम करा. कंटूर रेषा जिथे दाटीने आहेत, तिथे ग्रेडियंट मोठा. कोणत्याही रेषेला काटकोनात, उताराच्या बाजूला बोट फिरवा. पावसाचं पाणी तिथून जाणार. मग हेच तुमच्या गावाच्या नकाशावर करा आणि तुमच्या शिवारातलं पाणी कोणत्या ओढ्याला मिळतं, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!